गोदना, कान-नाक टोचणं आणि डागण्या: सारखे सारखे येणारे प्रश्न

नागपूरच्या इतवारीत आमचं सोनाराचं दुकान, आजोबांपासूनचं. त्यामुळे कान टोचण्याचे प्रश्न लहानपणापासून ऐकून राहिलो. गोदन्याचं वेड मात्र आजीच्या हातावरून लागलं. विदर्भात जिथे जाईन तिथे म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचं गोंदण बघतो, विचारतो, त्या हो म्हणाल्या तर कागदावर उतरवून घेतो. हे ओळखीपाळखीत माहीत झालं आणि मग फोटो येणं सुरू झालं, "भाऊ याचा अर्थ काय", "दादा बाळाचे कान कधी टोचू". तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाचं लिहून टाकलं. डॉक्टर नाही मी, जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. गोदना, गोंदण आणि टॅटू, तिन्ही एकच ना?

कामाच्या हिशोबाने एकच. सुई कातडीच्या वरच्या थरातून खाली दुसऱ्या थरात रंग सोडते आणि तो तिथेच राहतो. शब्दांचं म्हणाल तर पुण्याकडे गोंदण म्हणतात, आपल्याकडे गोंदणही चालतं आणि गोदनाही, कारण नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, १९५६ पर्यंत तर मध्य प्रदेशातच होतं, तिकडची हिंदी आणि छत्तीसगढी इथल्या बोलण्यात मुरलेली आहे. फरक कुठे आहे सांगू का, टॅटू तुम्ही ठरवून काढता, डिझाइन निवडता, पैसे देता. आजीच्या वेळी पोरीला कोणी विचारत नव्हतं. गोदनेवाली दारात आली की मायने पोरीचा हात धरून बसवला, बस.

२. काजळ तर काळं असते, मग आजीचं गोंदण हिरवं कसं दिसते?

रंग काळाच आहे, आपल्याला तो कातडीच्या आतून दिसतो म्हणून हिरवट-निळसर वाटतो. कातडी लाल प्रकाश आतपर्यंत जाऊ देते आणि निळा परत फेकते, त्यामुळे खोलवरचं काळं निळसर दिसते, जशा हाताच्या शिरा रक्त लाल असूनही निळ्या-हिरव्या दिसतात. गव्हाळ रंगावर ते आणखी हिरव्याकडे जाते.

आणि ते इतकी वर्षं टिकते कसं, हेही लोक विचारतात. शरीर रंगाला बाहेरचा कचरा समजते, कातडीतल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात पण पचवू शकत नाहीत, पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ती पेशी मेली की रंग सुटतो आणि शेजारची नवी पेशी तो लगेच उचलून घेते. म्हणजे आजीच्या हातावरचा मोर साठ वर्षं एकाच जागी बसलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या पेशी त्याला एकमेकींच्या हवाली करून राहिल्या.

३. शाई कशाची बनवायचे? घरी बनवता येईल का?

दिव्याची काजळी. तिळाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या तेलाच्या दिव्यावर मातीचं भांडं उपडं धरायचं, जमलेली काजळी पाण्यात खलायची, काही ठिकाणी पाण्याऐवजी बाळंतिणीच्या दुधात. चार-पाच सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, ठिपके देत जायचं, नंतर धुवून हळद आणि तेल लावायचं. काही भागात बिब्ब्याचा रसही वापरत.

घरी बनवायचा विचार सोडा. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, त्याचे डाग गोंदणापेक्षा मोठे पडतात. काजळीही स्वच्छ असेल याची खात्री नाही. माहिती म्हणून वाचा न बाप्पा, रेसिपी म्हणून नको.

४. हे काम करायचं कोण? गोदनेवाली बाई आता कुठे भेटेल?

बहुतेक ठिकाणी बायकाच, आणि त्याही ठरावीक समाजाच्या. गोंडांमध्ये ओझा म्हणजे गाणं-वाजवणं करणारे, त्यांच्या बायका गोदना करायच्या. छत्तीसगढकडे देवार बायका. बैगा लोकांमध्ये (डिंडोरी, मंडला, बालाघाटचा भाग, म्हणजे आपल्या गोंदियाच्या पलीकडे) बादी समाजाच्या बायका, त्यांना बदनीन म्हणतात. बैगा पोरीच्या कपाळावर आधी खूण होते, ती आठ-दहा वर्षांची असताना, मग मोठी होत जाईल तसे हात, पाठ, पाय. हंगाम थंडीचा, पावसाळ्यात जखम चिघळते म्हणून तेव्हा नाही. मोबदला धान्य, कापड, थोडे पैसे.

मुद्दा असा की ही बाई वर्षानुवर्षं त्याच गावांत फिरायची. आईचं तिने केलं, मुलीचंही तिनेच. कोणत्या घरी कोणतं चिन्ह चालते हे तिला तोंडपाठ असायचं, वही नाही काही नाही. आता जत्रेत जो बॅटरीच्या मशीनवाला दिसतो तो वेगळा, त्याच्याबद्दल १५ व्या प्रश्नात लिहिलं आहे.

५. फोटो पाठवला आहे, या चिन्हाचा नेमका अर्थ काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त निराश मी इथेच करतो.

साधारण काय काय दिसते ते सांगतो: तुळस किंवा तुळशीवृंदावन, मोर, विंचू, पावलं, सीतेची रसोई म्हणून एक चौकटीचं नक्षीकाम, राम किंवा महादेवाचं नाव, नवऱ्याचं नाव, भावाचं नाव, हनुवटीवर एक ठिपका, कपाळावर टिकली, मनगटाजवळ बांगडीसारख्या ओळी. यातली मनगटाची ओळ दागिन्याच्या जागी असते, हे बघूनच कळते. कपाळाची टिकली म्हणजे कुंकू, आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नवरा गेल्यावर कुंकू पुसायला लावायचे पण गोंदलेलं कोण पुसणार. मला दोन-तीन आज्यांनी हे हसत हसत सांगितलं आहे, त्या हसण्यात बरंच काही होतं.

पण पाच ठिपक्यांचं घ्या. एका आजीने सांगितलं हे पाच पांडव. दुसरी म्हणे पाच भाऊ आहेत मले म्हणून पाच. तिसरीला विचारलं तर म्हणते, "काई नाई रे, मोराच्या बाजूले जागा उरली होती तं भरून टाकली तिनं." आता यातला खरा अर्थ कोणता? तिन्ही खरे. इंटरनेटवर जे तक्ते फिरून राहिले ना, विंचू म्हणजे अमुक, मासा म्हणजे तमुक, ते वाचून मला चीड येते, जसं काही सगळ्या गावांनी बैठक घेऊन ठरवलं होतं. चिन्ह सारखं असते, पण ते काढताना कोण शेजारी बसलं होतं, पोर रडली का, कोणाच्या लग्नाआधीची गोष्ट, ते त्या हातापुरतंच असते. म्हणून माझं उत्तर नेहमी एकच, आजी जिवंत आहे ना, मग मला काय विचारता, तिला विचारा.

माझ्या आजीच्या डाव्या हातावर मोर होता, एका पायाचा. लहानपणी मला वाटायचं मोर एक पाय वर करून नाचतो आहे. नंतर तिने सांगितलं की दुखायला लागलं म्हणून ती गोदनेवालीच्या हाताला चावली आणि पळून गेली, दुसरा पाय राहूनच गेला. आता याचा अर्थ कोणत्या तक्त्यात सापडेल सांगा.

आजी नसेल तर एकदा अजब बंगल्यात चक्कर मारा. १८६३ चं म्युझियम आहे, आदिवासी जीवनाचं दालन आहे, डोळ्याला सवय तरी होईल.

६. दागिने इथेच राहतात, गोंदण वर सोबत येते म्हणतात. हे कुठून आलं?

हे गोंडांमध्ये, बैगांमध्ये, कुणब्या-तेल्यांच्या घरी, सगळीकडे थोड्याफार फरकाने ऐकलं आहे. सोनं-चांदी मेल्यावर अंगावरून काढून घेतात, गोदना कोणी काढून घेऊ शकत नाही, म्हणून तोच खरा दागिना. कुठे कुठे असंही सांगतात की गोंदलं नाही तर वर गेल्यावर देव स्वतः गोंदतो, आणि त्याच्या सुया फार मोठ्या असतात. पोरींना बसवायची युक्ती असावी ती.

सोनाराच्या पोराने सांगायची ही गोष्ट नाही खरं तर, पण ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्यांनी हा हिशोब काढला, आणि मला तो आमच्या धंद्याला मारलेला टोमणा वाटतो.

७. फक्त बायकाच गोंदायच्या का? पुरुषांचं काय?

बायकांचं जास्त, पण पुरुषांचंही असायचं. दंडावर मारुती (पैलवानांचं आवडतं), हातावर स्वतःचं नाव, ओम, बदाम. नाव गोंदायचं एक व्यवहारी कारणही सांगतात, जत्रेत पोरगं हरवलं तर ओळख पटावी.

पुरुष-बाई दोघांचं आणि अंगभर बघायचं असेल तर रामनामी. बिलासपूरच्या पुढे जांजगीर-चांपा, रायगढकडे, महानदीच्या काठाकाठाने हे लोक आहेत. मंदिरात येऊ देत नव्हते, तर १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम नावाच्या माणसापासून हा पंथ सुरू झाला, देऊळ नाही, मूर्ती नाही, नावच अंगावर घेतलं. कपाळावर दोनदा राम असेल तो शिरोमणी, पूर्ण कपाळ भरलं असेल तो सर्वांग, आणि डोक्यापासून पायापर्यंत असेल तो नखशिख. अंगावर रामनाम छापलेली चादर, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट. आताची पोरं बाहेर कामाला जातात, चेहराभर गोंदलं तर शहरात लोक बघत राहतात, म्हणून ती एखाद्या ठिकाणीच काढून घेतात. नखशिख आता म्हातारेच उरले.

८. दीक्षाभूमीवर लोक जय भीम, अशोकचक्र गोंदून घेतात. ही परंपरा म्हणायची का?

माझ्या मते पक्की परंपरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, ते लक्षात ठेवायचं म्हणून माणूस अंगावर कायमची खूण करतो, तर जुन्या गोंदणात यापेक्षा वेगळं काय होतं?

यातली मला सापडलेली खरी गुंतागुंत वेगळी आहे. उत्तर नागपुरातल्या एका आजीच्या हातावर लहानपणी गोंदलेली सीतेची रसोई होती. लग्नानंतर त्यांनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, घरातले देव गेले, हातावरचं राहिलं. मी जरा घाबरतच विचारलं की आजी, याचं काय वाटते. त्या म्हणाल्या, "ते मायनं केलं, हे म्या केलं," आणि दुसरा हात पुढे केला, त्यावर निळ्या रंगात जय भीम होतं, नातवासोबत जाऊन काढलेलं. मी दोन्ही हात एकाच कागदावर उतरवून घेतले.

९. बाळाचे कान कधी टोचायचे? बाराव्या दिवशी की उशिरा?

आपल्याकडे बारशाला, बाराव्या दिवशी टोचायची पद्धत आहे, बाळ हात लावत नाही, लवकर विसरते, हे त्यामागचं कारण. सुश्रुत संहितेत मात्र सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे. आमच्या दुकानात बाबा आता सरळ सांगतात, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याच्या लसी होऊ द्या, मग या. त्या लसींमध्ये धनुर्वाताची लस असते म्हणून. बाळ कमी दिवसांचं जन्मलं असेल, वजन कमी असेल, तर आधी बाळाच्या डॉक्टरला विचारा, तिथे सोनाराचं मत घेऊ नका.

घरातली म्हातारी माणसं अडून बसली तर सुश्रुताचं नाव घ्या. त्याच्यापुढे सासूबाईंचंही चालत नाही.

१०. मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, असं का?

हेही सुश्रुतानेच लिहिलं आहे, कारण मात्र दिलं नाही. शुभ-अशुभाचा भाग असावा, आमच्याकडे तो पाळतात. त्याच जागी त्याने जे बाकीचं लिहिलं ते जास्त कामाचं आहे: बाळाला मांडीवर घ्या, खेळण्याने गुंगवा, डाव्या हाताने कान ओढा आणि उन्हाकडे धरल्यावर जिथून उजेड आरपार दिसतो त्या पातळ जागी सरळ टोचा. रक्त फार आलं, फार दुखलं, तर समजा जागा चुकली. मग कापसाची वात घालायची, तेल सोडायचं, तीन-तीन दिवसांनी वात जाड करत जायची. कान टोचायचे कशासाठी, तर "रक्षाभूषणनिमित्तं", रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. बाबा आजही दुकानाच्या दारात उजेडाकडे धरूनच कान बघतात, त्यांनी सुश्रुत वाचलेला नाही.

११. सोनार, पार्लरची बंदूक की डॉक्टर? कोणाकडे जाऊ?

म्हण आहेच, सोनारानेच कान टोचावे. आता मी सोनाराचा पोरगा, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा, पण कारणं सांगतो.

सोनार सोन्याची तार टोकदार करून तीच आरपार काढतो आणि तिचीच बाळी वळवतो. तार नवीन, टोक अणकुचीदार, भोक स्वच्छ पडते. बंदुकीत कुडीचं बोथट टोक जोराने दाबून घुसवतात, आणि ती प्लास्टिकची बंदूक उकळून निर्जंतुक करता येत नाही. पाळीला एकवेळ चालून जाते, कानाच्या वरच्या कडक भागाला अजिबात नको (पुढचा प्रश्न बघा). पण सोनारही सगळे सारखे नाहीत. हात धुतले का, तार तुमच्यासमोर स्पिरिटने पुसली का, आधीच्या बाळाची तर नाही ना, हे विचारायला लाजू नका, आमच्या दुकानातही विचारा. डॉक्टरकडे गेलात तर उत्तमच, बहुतेक ठिकाणी बधिर करायचं मलम लावून करतात.

पहिली बाळी सोन्याचीच ठेवा. स्वस्त खोट्या कुड्यांमध्ये निकेल असते, त्याने कितीतरी जणींच्या कानाला खाज आणि पाणी सुटते. आणि कडुनिंबाची काडी घालायची का म्हणून विचारतात, भोक भरल्यावर चालेल, ताज्या जखमेत झाडाची काडी नको.

१२. भिकबाळी घालायची आहे. भोक वरती पाडतात ना? काही त्रास?

हो, उजव्या कानाच्या वरच्या भागात. दोन मोती आणि मध्ये लाल खडा, पेशवाईतल्या पुरुषांचा दागिना, आता ढोलपथकातल्या पोरांनी परत आणला. नावाबद्दल असं सांगतात की ज्या घरी मुलं जगत नसत तिथे पाच घरी भीक मागून आणलेल्या सोन्याची बाळी मुलाला घालायचे, म्हणजे नशिबाला वाटावं हे भिकाऱ्याचं पोर आहे, याला नेऊन काय फायदा.

त्रास होऊ शकतो, आणि पाळीपेक्षा जास्त. पाळी मऊ, रक्त भरपूर, सहा-आठ आठवड्यांत भरते. वरच्या कडक भागाला, म्हणजे कुर्च्याला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि तिथे पू झाला तर कुर्चा विरघळून कान कायमचा चुरगळतो. माझ्या मावसभावाचं असंच झालं, एका ठिकाणी बंदुकीने करून घेतलं, चार दिवसांनी कान लाल, गरम, भज्यासारखा फुगलेला, त्यात घरच्यांनी हळद चोपडून आणखी दोन दिवस घालवले. शेवटी भरती व्हावं लागलं. कान वाचला पण त्याची वरची कड आता सरळ नाही. म्हणून वरचा भाग लाल आणि गरम झाला की त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्याकडे. बुगडीलाही हेच सगळं लागू, ती त्याच भागात असते.

भोक नको असेल तर दाबायची भिकबाळी मिळते. लग्नाच्या फोटोत कोणाला कळत नाही.

१३. नाक डावं की उजवं? डाव्या नाकाचा गर्भाशयाशी संबंध असतो म्हणतात, खरं का?

महाराष्ट्रात डावं, तामिळनाडूकडे बहुतेक उजवं, काही जणी दोन्ही. गर्भाशयाचं जे व्हॉट्सॲपवर फिरते त्याला काही वैद्यकीय पुरावा नाही. तसं असतं तर तमिळ बायकांचं काय झालं असतं, हा साधा विचार करा.

नथ फार प्राचीन आहे असंही लोक ठोकून देतात. अजिंठ्याची चित्रं बघा, बायकांच्या कानात इतके दागिने की विचारू नका, पण नाक मोकळं. आपल्या जुन्या शिल्पांतही तसंच. नाकातला दागिना आपल्याकडे मध्ययुगात रुळला, असं अभ्यासक धरतात. म्हणून नथीची शान कमी होत नाही, आमचा तर धंदाच त्यावर चालतो.

१४. आबाजींचं नाव नथ्थू होतं आणि नाकाला भोक होतं. पुरुषाचं नाक का टोचलं?

वरच्या भिकबाळीसारखंच. आधीची मुलं गेली की पुढच्या मुलाचं नाक टोचायचे, मुलीसारखं वाढवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. त्यावरून नथ्थू, नथू. भिकू, दगडू, कचरू, धोंडू ही नावंही त्याच भीतीतली. विदर्भात जुन्या सात-बाऱ्यावर बघा, ओळीने सापडतील. त्या काळी एका घरात किती लेकरं जात असतील, ते या नावांवरून कळते.

१५. जत्रेत मशीनवाल्याकडून नाव काढून घेतलं तर चालेल का?

नको. सुई बदलतो म्हणतो, पण शाईची डबी? एकाच डबीत दहा जणांची सुई बुडते, आणि कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे तिघंही रक्तातून पसरतात. ५० रुपयांत नाव काढून देतो त्यात नवी सुई, हातमोजे, वेगळी शाई कुठून परवडणार, त्याचीही चूक नाही. करायचंच असेल तर जिथे सीलबंद सुई तुमच्यासमोर फोडतात आणि शाई छोट्या टोपणात काढून उरलेली फेकतात अशा ठिकाणी जा. आधीच करून बसला असाल तर घाबरून न जाता डॉक्टरला सांगून तपासण्या करून घ्या.

१६. कानाचं भोक लोंबून फाटलं आहे. आता काही होऊ शकते का?

होते, आणि सोपं आहे. पाळी बधिर करून फाटलेल्या कडा थोड्या खरवडून टाके घालतात, त्याच दिवशी घरी. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत दाखवू शकता. नवीन भोक काही महिन्यांनी, आणि जुन्या रेषेवर नाही, बाजूला. कातडीला जाड वाढणारे वण येत असतील तर आधीच सांगा. नंतर मात्र जड झुबे रोज घालू नका, वेल लावा म्हणजे वजन केसांवर जाते.

सुश्रुताने फाटलेले कान जोडायचे पंधरा प्रकार लिहून ठेवले आहेत, म्हणजे तेव्हाही लोक जड दागिने घालून कान फाडून घ्यायचे. आणि हे ज्ञान पोथीत पडून नव्हतं. टिपूच्या लढाईत इंग्रजांकडच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं, ते पुण्यात एका कुंभार समाजाच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवीन बनवलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत होते, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं आणि तिकडच्या सर्जननी त्यावरून शिकून १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं. सोनाराने टोचायचं, कुंभाराने जोडायचं, अशी आपली वाटणी होती.

१७. कानफाटे म्हणजे ज्यांचे कान असे फाटले ते का?

नाही, ते मुद्दाम. गोरखनाथांच्या पंथात दीक्षा देताना कानाच्या मधला कुर्चा चिरून त्यात जाड कुंडल घालतात, पाळीत नाही. ती जखम सांभाळणं ही परीक्षाच असते. "एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं" ही म्हण तिथूनच, कारण तो कान परत जोडून घरी जाता येत नाही.

१८. मेळघाटात बाळाच्या पोटावर डागतात, डंबा देतात. तीही परंपराच ना, मग तिला नावं का ठेवता?

हा प्रश्न चिडून विचारलेला असतो, आणि विचारायलाच पाहिजे. धारणी-चिखलदऱ्याकडे बाळाचं पोट फुगलं, ते सारखं रडू लागलं की गरम विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके देतात, भूमका म्हणजे गावचा जाणता पुजारी ते करतो. गोदना चालतो, कान टोचणं चालते, मग हेच का नाही?

माझं म्हणणं असं: गोदना शोभेसाठी, ओळखीसाठी आहे, डंबा इलाज म्हणून आहे, आणि इलाज म्हटलं की तो लागू पडतो का हे विचारावं लागते. तो लागू पडत नाही. आजारी, अशक्त बाळाला भाजल्याची जखम वर, तिच्यात जंतू, आणि दवाखान्यात जायचे तास वाया. भूत काढायच्या नावाखाली चटके देणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. पण नुसतं तिथल्या कोरकू आदिवासींना शिव्या देऊन मोकळं व्हायचं हेही चुकीचं. दवाखाना लांब, पावसात नाला भरलेला, रात्रीची वेळ, आणि हाकेच्या अंतरावर एकच माणूस जो आपल्या भाषेत बोलतो, मग माय कुठे जाईल? म्हणून भूमकांनाच सोबत घेऊन लेकरं दवाखान्यात पाठवायचे प्रयत्न झाले, तो रस्ता मला बरोबर वाटतो.

आणि आपणही फार शहाणे नाही. नागपुरात कावीळ झाली की मनगटावर डागणी घ्यायला नेणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

१९. मिलिटरी भरतीत टॅटू चालते का? लहानपणीचं गोंदण असेल तर?

कामठीच्या भरतीला उभी राहणारी पोरं दर वर्षी विचारतात. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते, बाकी ठिकाणी नाही. आदिवासी जमातीचा उमेदवार असेल आणि गोंदण त्यांच्या रूढीप्रमाणे असेल तर चेहऱ्यावर, अंगावर असलं तरी सूट मिळू शकते, प्रत्येक केस बघून. निमलष्करी दलांचे नियम थोडे वेगळे आहेत, डावा हात, आकार लहान, असे. फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. मुख्य म्हणजे भरतीच्या महिनाभर आधी घाईत पुसायला जाऊ नका, ताजा वण जास्त नडतो.

२०. गोंदल्यावर रक्तदान करता येते का?

रक्तपेढ्या साधारण वर्षभर थांबायला सांगतात, कारण १५ व्या प्रश्नात आलं. आजीचं साठ वर्षांपूर्वीचं गोंदण असेल तर त्याचा काही प्रश्न नाही.

२१. जुनं नाव पुसायचं आहे. चुना लावून निघते का?

लग्न मोडलेल्यांचा प्रश्न आहे हा, मी कारण विचारत नाही. चुन्याने, ॲसिडने, घासून निघत नाही, कातडी जळते आणि नावाच्या जागी नावाच्याच आकाराचा वण येतो, म्हणजे अक्षर तसंच वाचता येते. लेझरने निघते. काजळीचं जुनं काळं गोंदण लेझरला बरं दाद देते, रंगीत मशीनचं जास्त त्रास देते. एका वेळेत होत नाही, सहा-आठ सिटिंग तरी, मध्ये दीड-दोन महिने सोडून, आणि सावळ्या कातडीवर डाग पडू नये म्हणून स्किनच्या डॉक्टरकडूनच करा. दुसरा उपाय त्यावरच मोठं डिझाइन काढून घेणं. एका वहिनींनी नवऱ्याच्या नावाची तुळस करून घेतली, छान दिसते.

२२. आजीच्या हातावरचं हुबेहूब माझ्या हातावर काढून घ्यायचं आहे. चालेल का? आणि बैगांचं डिझाइन घेतलं तर?

आजीचं घ्यायला कोण अडवणार. बैगा, माडिया यांच्या कपाळाच्या खुणा मात्र फॅशन म्हणून उचलू नका, ती खूण म्हणजे "ही आमची पोर" असं त्या समाजाने सांगणं आहे, आपण कोणाचे म्हणून ती लावायची?

आजीचं उतरवायचं तर फोटोवर अवलंबून राहू नका. म्हातारपणी कातडी सैल पडते, रंग पसरतो, फोटोत मोराची कोंबडी दिसते. हात उशीवर ठेवा, दुसऱ्या कोणाला कातडी हलकेच ताणून धरायला सांगा, बटर पेपर ठेवून मऊ पेनाने ठिपका ठिपका उतरवा. रेषा जोडायच्या नाहीत, ठिपकेच घ्यायचे, कारण ते सुयांच्या जुडीचे आहेत. दुपारी जेवणानंतर बसा, तेव्हा आज्या बोलतात.

मी माझ्या आजीचा मोर तिच्या शेवटच्या दिवाळीत असाच उतरवला आणि पुढच्या वर्षी हातावर काढून घेतला. आर्टिस्ट पोरगा चांगला होता, कागद बघून म्हणाला, भाऊ एक पाय सुटून राहिला, मी टाकून देऊ का, वेगळे पैसे नाही घेणार. नको म्हटलं. तर त्याने मोर झाल्यावर पुन्हा एकदा विचारलं.

आणि आधी विचारा तिला. माझ्या मोठ्या आत्याने हात मागे घेतला होता, म्हणाली, "मले नोको दाखवाचं ते," मग तिथे विषय संपला.